नव्या सुताचं फडकं

आमच्या घरात फडकं कधी कुणी विकत आणलं नाही. फडकं होत असे. सासऱ्यांचं धोतर नवं असताना सणावाराला निघायचं, मग रोजचं व्हायचं, मग विरलं की फक्त रात्री नेसायचं आणि मग एखाद्या दुपारी सासूबाई त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून दुसरं हातात धरत आणि टर्रकन फाडत. कात्रीला हात न लावता चार सरळ तुकडे. त्या तुकड्यांचीही पुढं चढती, म्हणजे उतरती भाजणी असे. पहिला मान पोळ्यांच्या डब्याचा. तिथं डाग पडले की ताटं-वाट्या पुसायला. तिथून ओट्यावर. ओट्यावर काळं पडलं की मसोतं, म्हणजे दुधाचं पातेलं उतरवायला. मसोत्याला भोक पडलं की पोतेरं. आणि पोतेऱ्यातूनही काही शिल्लक राहिलंच, तर ते आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत. एका धोतराला हा सगळा प्रवास करायला सहा-सात वर्षं लागत, आणि त्यातल्या एकाही पायरीवर कुणाला काही ठरवावं लागत नसे. कापड आपोआप खाली उतरायचं.

सासरे २०११ मध्ये गेले. दोन धोतरं कोरी होती, ती देऊन टाकली. नेसलेली चार उरली, ती सासूबाईंनी इतकी पुरवून वापरली की शेवटचा तुकडा २०१९ च्या दिवाळीत फाटला. त्या दिवशी मी कपाट उघडून फडक्याच्या लायकीचं काही मिळतंय का बघायला बसले आणि तासाभरानं लक्षात आलं की आमच्या घरात फडकं होण्याच्या लायकीचं कापडच उरलेलं नाही.

ह्यांच्या पँटी टेरीकॉटच्या. माझ्या रोजच्या साड्या सिंथेटिक, कारण त्यांना इस्त्री लागत नाही. चादरीवर 'कॉटन' लिहिलेलं, पण दोरा जळवून पाहिला तर टोकाला काळा कडक मणी झाला. सुती असता तर कागदासारखा जळून राख झाली असती. एक जुनी साडी फाडून ओट्यावर फिरवली. पाणी पुसलं गेलं नाही, इकडून तिकडं गेलं. कापूस साध्या दमट हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. हे मी नंतर वाचलं. ओट्यावर मात्र त्याच दिवशी कळलं.

मग बाजारातले पिवळे-हिरवे स्पंज आले. दोन आठवड्यांत त्यांना वास यायचा. सासूबाई तो चिमटीत धरून मोरीकडं नेत, जणू पाल आहे. जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घराघरांतले १४ वापरलेले स्पंज तपासले होते आणि त्यात जिवाणूंची अशी काही दाटी सापडली की जगभर बातम्या झाल्या. सासूबाईंनी ती बातमी वाचलेली नव्हती. त्यांचं नाक पुरेसं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात क्रोशा आला. खरं म्हणजे तो यायला नको होता, कारण क्रोशा आणि खरकटं ह्या दोन गोष्टी आमच्या पिढीच्या बाईच्या डोक्यात एका खोलीत राहत नाहीत.

माझ्या रुखवतात क्रोशाच्या अकरा वस्तू होत्या, सगळ्या आईच्या हातच्या. 'सुस्वागतम्' लिहिलेलं तोरण, दोन्ही बाजूंना पोपट. चौकटी भरायच्या आणि रिकाम्या सोडायच्या, त्यातून अक्षर उठवायचं. 'स्व'ची जोडणी नीट यावी म्हणून तिनं ती तीनदा उसवली होती. टीव्हीवर घालायचा रुमाल. तांब्या-भांड्यावर टाकायचं जाळीचं गोल झाकण, कडेनं काचेचे मणी, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आता खरं सांगायचं तर ह्या अकरांपैकी कामाची वस्तू ती एकच, आणि तीसुद्धा मी सासरी आल्यावर 'मणी फुटतील' म्हणून ट्रंकेत गेली. तोरण दोनदा लागलं, धाकट्या दिराच्या लग्नात आणि वास्तुशांतीला. बाकी सगळं डांबराच्या गोळ्यांच्या वासात पस्तीस वर्षं पांढरंशुभ्र आहे. म्हणजे होतं, आता पिवळसर झालंय. न वापरताही कापड म्हातारं होतंच.

आई क्रोशा शिकली ती आमच्या जुन्या वाड्यातल्या अक्कांकडून. सोलापुरातलं आमचं घर पूर्वभागात, आजूबाजूला सगळी पद्मशाली विणकरांची घरं, बोली तेलुगू. अक्का टाके तेलुगूत मोजायच्या, म्हणून आईही तेलुगूत मोजू लागली, आणि मी आईकडून शिकले म्हणून मीही. भाजी घेताना, पैसे देताना माझं सगळं मराठीत चालतं, पण हातात क्रोशाची सुई आली की ओकटि, रेंडु, मूडु सुरू होतं. मला तेलुगू येत नाही. येतं ते एवढंच, दहापर्यंत.

आईची सुई पोलादी, सव्वा मिलिमीटरची, आणि दोरा इतका बारीक की दुपारच्या उजेडाशिवाय दिसत नसे. त्या सुईनं ओटा पुसायचं फडकं विणायचं म्हणजे वर्ष जाईल. म्हणून मी माझ्याकडच्या जाड, साडेचार मिलिमीटरच्या सुईनं नातीच्या स्वेटरची उरलेली लोकर वापरून पहिलं फडकं विणलं. गुलाबी. सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यानं दूध उतरवायला गेले, आणि त्याचं टोक शेजारच्या तापल्या तव्याला लागलं. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. आपण सरसकट जिला 'लोकर' म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, आणि ॲक्रिलिक वितळतं. तव्याची गुलाबी कड खरवडायला मला दोन दिवस लागले. सासूबाई तेव्हाही काही बोलल्या नाहीत, फक्त पोळ्या जुन्या तव्यावर करायला घेतल्या.

म्हणजे सूतच हवं. आणि सोलापुरात राहून सूत मिळणार नाही, असं म्हणणाऱ्यानं तोंड लपवावं. धाकट्या दिराचे चार माग आहेत, टर्किश टॉवेल निघतात. त्याच्याकडं गेले.

"फडकं विणायला सूत?" तो म्हणाला. "वहिनी, मी दिवसाला इतके टॉवेल काढतो, त्यातला एखादा बाद झालेला घेऊन जा की."

मुद्दा बरोबर होता. टॉवेलवर जे दोऱ्याचे बारीक फासे उभे असतात ना, त्यांचं काम हेच की कापडाचा पृष्ठभाग वाढवायचा आणि पाणी धरायचं. पण टॉवेलच्या तुकड्यानं ताट पुसून बघा. फासे भांड्याच्या काठात, कढईच्या कानात अडकतात, ओढले जातात, आणि वाळायला वेळ लागतो तो वेगळाच. मी त्याला हे सांगितलं. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आयुष्यभर टॉवेल विणलेल्या माणसाला टॉवेल शिकवायला आलीय ही. पण सुताचे अर्धवट उरलेले तीन कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, दिले, न रंगवलेले, दुधावरच्या सायीच्या रंगाचे. 'दोन वीस'चं सूत, म्हणजे वीस काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले.

सुताच्या ह्या नंबरांचं गणित मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं समजावलं. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तो काउंट. वीसचा काउंट म्हणजे वीस लड्या. दोन पदर एकत्र पिळले की लांबी निम्मी, दहा लड्या. मी म्हटलं, मग असे दहा दोरे एकत्र धरले तर पौंडाला बरोबर एक लडी, म्हणजे पन्नास ग्रॅमला साधारण पंच्याऐंशी मीटर, आणि तेवढाच जाड दोरा माझ्या सुईला लागतो. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही कारखाना काढा." थट्टेनंच. पण दहा दोरे एकत्र गुंडाळून द्यायला त्यानं एक माणूस अर्धा तास बसवला.

दुसरं फडकं मोठ्या उमेदीनं विणलं. गोल, मधे फूल, कडेनं शंख. दिसायला देखणं. ओट्यावर पाणी सांडलं आणि वर टाकलं. पाण्याचे थेंब त्यावर बसून राहिले, अळवाच्या पानावर बसावेत तसे.

सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "कोऱ्या सुताला पाणी कसं पिता येईल? धोतरसुद्धा नवं असताना अंग पुसायला चालत नाही. त्याला धुण्याचे मार बसावे लागतात."

त्यांचं हे 'मार बसणं' शब्दशः खरं आहे. कापसाच्या तंतूवर बोंडातूनच एक मेणाचा पातळ थर येतो. मागावर ताण्याला खळ लावतात ती वेगळी. मेण आहे तोवर पाणी आत शिरत नाही. धोतराचं मेण आणि खळ गिरणीत बरीचशी निघालेली असते, उरलेलं वर्षानुवर्षं साबण, दगड आणि सोलापूरचं ऊन काढत राहतं. म्हणून विरलेलं कापड सर्वांत चांगलं पुसतं. म्हातारपण हेच त्याचं प्रशिक्षण. माझ्या कोऱ्या फडक्याकडं सात वर्षं नव्हती. मी मोठ्या पातेल्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि साबणाचा चुरा घालून ते तासभर रटरट उकळलं. पाणी फिक्या चहासारखं झालं. तेच पाणी ओतून दुसरं, पुन्हा अर्धा तास. बाहेर काढलं तेव्हा बावीस सेंटिमीटरचं फडकं एकोणिसाचं झालं होतं, पण थेंब टाकला की क्षणात नाहीसा. त्या दिवसापासून मी आधी लडी उकळते आणि मग विणते. आटायचं ते आधीच आटून जातं.

तरीही ते फूल-शंखांचं फडकं नापास झालं. जाळीतून बोटं आरपार जात, आणि ओला ओटा पुसला की हातच ओला. रुखवत माझ्या हातातून जायला तयार नव्हतं. जिथं सुई घालावी तिथं मोकळी जागा सोडायची, हेच आईनं शिकवलेलं. जाळी नाजूक तितकी बाई कुशल. फडक्याला ह्याच्या उलट हवं होतं, गच्च आणि खडबडीत.

खडबडीत विणायचं म्हणून मग एक एक पोत करून पाहिले. सगळ्यांत जीव जडला तो खणांच्या पोतावर. पहिली ओळ साधी, नुसते खांब, म्हणजे सुईवर दोरा घेऊन काढलेले उंच टाके. दुसऱ्या ओळीत पहिल्या खांबाच्या डोक्यात सुई घालायची नाही; त्याच्या बुंध्याला पुढच्या अंगानं वेढा घालून, दोरा खेचून, त्याच्याच अंगावर नवा खांब चढवायचा. पुढचे दोन खांब साधे, डोक्यात. पुन्हा एक वेढ्याचा, दोन साधे. ओकटि, रेंडु, मूडु. ओळ संपली की कापड फिरवायचं. आता उलट: जो वेढ्याचा होता त्याच्यावर साधा, आणि जे दोन साधे होते त्या दोघांना पुढून वेढा. अशा चार-सहा ओळी झाल्या की कापडावर उभे-आडवे बांध उठतात आणि मधे खण पडतात, आईस्क्रीमच्या कोनाच्या पापुद्र्यावर असतात तसे. बोट फिरवलं की शेताच्या नकाशावरून फिरतंय असं वाटतं. सूत बरंच खातं हे. वीत-सव्वा वितीच्या एका चौकोनाला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम जातं आणि माझ्या हाताला तीन तास.

हे फडकं पाणी नुसतं पितं. वाळलेल्या पिठाचा डाग बांध खरवडून काढतात. मी खूश. आठ दिवसांनी आमच्याकडं भांड्यांना येणाऱ्या मावशींनी ते माझ्यापुढं धरलं. एका खणात भाताचं शीत. दुसऱ्यात दुसरं. "ताई, हे आंबतंय बघा आत. ह्याला रोज कोरून धुवायला माझ्याकडं वेळ नाही." सासूबाई आतून म्हणाल्या, "मी सांगणारच होते."

दरम्यान एकदा मी तेच खणाचं फडकं ओलं असताना कुकर उतरवायला घेतलं आणि तळहात भाजला. कोरडं असतं तेव्हा खणांत हवा असते, हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. ओलं झालं की हवेची जागा पाणी घेतं आणि आच सरळ हातापर्यंत येते. म्हणजे पुसायचं आणि उतरवायचं एकाच फडक्यानं करायचं नाही. हे मला भाजल्यावर कळलं. ह्या घरात ओट्याचं वेगळं, मसोतं वेगळं, हा नियम माझ्या आधीपासून होता, आणि मी तीस वर्षं त्याला सोवळ्याचं खूळ समजत आले होते. सोवळ्याचं खूळ त्यात नव्हतंच असंही नाही. पण तेवढंच नव्हतं.

आता तीन प्रकार विणते. ताटं पुसायला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, आणि साखळी, म्हणजे नुसता एक फास, एकाआड एक, पुढच्या ओळीत साखळीच्या पोकळीत मुका खांब. दाणेदार, पातळ, शीत धरत नाही. ओट्याला खणांचं. उतरवायला खणांचंच, पण दुप्पट सुताचं, आणि त्याच्या कोपऱ्यात टांगायला फास, म्हणजे ते ओलं होण्याच्या जागी पडून राहत नाही.

ठाण्याला लेकीकडं एक जोड पाठवला, तर तिचा श्रावणात फोन. "आई, खणांच्याला वास येतो गं. दोन-दोन दिवस वाळतच नाही." सोलापूरच्या उन्हात ते चहा होईतो वाळतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिला आता दाण्याचंच विणून देते, तेही पातळ, आठ पदरी. खणांचं तिनं भिंतीवर लावलंय. चौकटीत घालून. मी फोटो पाहिला आणि पाच मिनिटं काही लिहिलं नाही. मग लिहिलं, "छान दिसतंय."

भिंतीवर लावण्याचा हा रोग मात्र भयंकर आहे. ज्यांना म्हणून फडकं दिलं त्यांतल्या निम्म्यांनी वापरलेलं नाही. नणंदेनं देवाखाली घातलं. शेजारणीनं फळांच्या टोपलीत. एक मैत्रीण म्हणाली, "इतक्या मेहनतीनं विणलेल्यावर खरकटं पुसायचं माझ्या जिवावर येतं." आणि तीच पुढं म्हणाली, "विकत का नाहीस? पन्नास रुपयांना सहज जाईल." म्हणजे मेहनत इतकी की खरकटं लागू नये, आणि किंमत इतकी की तीन तासांचे पन्नास रुपये, सुतासकट.

ह्यावर मला राग येतो तो तिचा नाही. हे जुनंच आहे. आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, मठांतून बायकापोरींना क्रोशा शिकवला गेला आणि त्या लेसवर कितीतरी घरं तगली. आपल्याकडं आंध्रात नरसापूरला मिशनऱ्यांनी ही कला नेली, तिथली लेस परदेशांत जाते, २०२४ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकनही मिळालं. पण त्या बायकांचा अभ्यास केलेल्या मारिया मीस ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की दिवसाचे कितीतरी तास विणूनही त्यांना कामगार कुणी म्हणत नाही. गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात, असं म्हटलं की मजुरी कमी द्यायची सोय होते. मजा अशी की यंत्राची भीती ह्या कामाला नाही. कारखान्यात 'क्रोशे' म्हणून जे निघतं ते वेगळ्या जातीचं यंत्रावरचं विणकाम असतं. सुईनं फास धरून त्यातून दुसरा फास ओढायचा, तो तिसऱ्याच जागी अडकवायचा, हे कारखान्याला अजून साधलेलं नाही. मागांच्या ह्या शहरात दिराच्या चारही मागांना जे येत नाही ते मला येतं. आणि त्याची किंमत पन्नास रुपये.

मी विकत नाही. देते, आणि देताना अट घालते की महिन्यानं मला डाग दाखवायचा.

आणि सासूबाई. त्या हे सगळं पाच वर्षं बघत होत्या. माझं फडकं त्यांनी वापरलं, पण त्याला 'फडकं' कधी म्हणाल्या नाहीत. 'ते तुझं विणलेलं' म्हणायच्या. "अगं, ते तुझं विणलेलं कुठं ठेवलंस?" त्यांच्या लेखी फडकं होण्यासाठी आधी दुसरं काहीतरी असावं लागतं. कुणाच्या तरी अंगावर जाऊन यावं लागतं. जन्मतःच फडकं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याला उत्तर सापडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात, दुपारी, मी बाहेरच्या खोलीत एक नवं सुरू करून बसले होते. सासूबाई आत ओट्यापाशी. वय ब्याऐंशी, पण दुपारी झोपत नाहीत. कात्रीचा आवाज आला. गेले तर त्यांच्या हातात माझं पहिलं खणांचं फडकं. खण बसून गेलेले, बांध सपाट, मधे एवढं पातळ की पलीकडचा उजेड दिसत होता, रंग चहाचा, हळदीचा, कशाकशाचा. त्यांनी ते बरोबर मधोमध निम्म्यापर्यंत कापलं होतं.

"अहो आई, कापू नका! उसवेल ते!"

"म्हणजे?"

"विणलेलं आहे. एक टाका सुटला की सगळा दोरा सुटतो."

त्यांनी हात थांबवला, कापलेल्या कडेचं एक टोक ओढून पाहिलं. टाके एकेक करून सुटत आले. धोतराचं असं कधी होत नसे. त्यांनी ते आणखी थोडं ओढलं, मग थांबल्या.

"फडकं विरलंय आता," त्या म्हणाल्या. "एक तुकडा गॅसखाली लागतो मला, आणि एक मोरीत. तू ह्याच्या कडा शिवून दे."

मी दोन्ही तुकडे घेऊन मशीनवर बसले. तीन-चार ठिकाणी सुई अडकली, कारण दहा पदरी सूत मशीनच्या पायाखाली जाता जात नव्हतं. शेवटी हातानंच टाचून दिले.